निडल-पंच फेल्टचं पोअर साइज दर वेळी वेगळं येतंय? कुठे काय तपासायचं

निडल-पंच फेल्टच्या (सुयांनी टोचून तंतू गुंतवलेल्या, न विणलेल्या कापडाच्या) त्याच रोलमधले तुकडे, तेच मशीन, तोच ऑपरेटर. तरी मीन फ्लो पोअर (ज्याहून मोठ्या छिद्रांतून निम्मी हवा जाते तो व्यास) एकदा ३१ मायक्रॉन येतं, एकदा ३८, आणि गिऱ्हाइकाच्या लॅबचा रिपोर्ट २२ म्हणतो. बबल पॉइंटचं, म्हणजे सगळ्यात मोठ्या छिद्राच्या व्यासाचं, तर विचारूच नका. अशा वेळी पहिला संशय कापडावर जातो: निडलिंग बिघडलं असेल, कॅलेंडरचं (कापड दाबणाऱ्या गरम रोलरचं) तापमान घसरलं असेल. पण बहुतेक वेळा कापड ठीक असतं आणि घोळ मोजणीत असतो. प्रॉडक्शनला बोल लावण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने बघा. क्रम खर्चाप्रमाणे लावला आहे: आधी कागद, मग एक थेंब, मग प्लास्टिकचा एक तुकडा आणि शेवटी मशीन.

उदाहरणासाठी धूळ गाळायच्या बॅगचं नेहमीचं फेल्ट धरू: पॉलिस्टर, ५०० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर), जाडी १.८ मिमी, आणि २०० पास्कल दाबफरकाला हवेची पारगम्यता मिनिटाला प्रति चौरस डेसिमीटर १५० लिटर.

आधी कागद

पोरोमीटर, म्हणजे पोअर साइजचा आकडा देणारं मशीन, छिद्र मोजत नाही, दाब मोजतो. सॅम्पलमध्ये भरलेलं द्रव हवेने बाहेर ढकललं जातं. ज्या दाबाला ते हटतं तो दाब सूत्रात घालून व्यास काढला जातो.

व्यास = ४ × पृष्ठताण × कोसाइन (स्पर्शकोन) ÷ दाब

स्पर्शकोन शून्य धरला, पृष्ठताण मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये आणि दाब पास्कलमध्ये घेतला, तर मायक्रॉनमधला व्यास = ४००० × पृष्ठताण ÷ दाब. आता या चाचणीचं मानक, एएसटीएम एफ३१६, उघडून बघा. तिथे ४००० च्या जागी २८६० आहे. छिद्र काही गोल नळी नसतं, म्हणून ४ ला ०.७१५ ने गुणलेलं आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हा गुणक सेटिंगच्या कुठल्यातरी आतल्या पानावर असतो आणि मशीन बसवताना जो राहिला तोच वर्षानुवर्षं चालतो. एका लॅबमध्ये १ आणि दुसरीत ०.७१५ असेल, तर पहिलीचं ३१ दुसरीत २२ दिसणारच. दोन रिपोर्टांचं गुणोत्तर १.४ च्या जवळ आलं की पुढचं काही तपासू नका, आधी हा गुणक विचारा. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात; फक्त ते एकमेकांशेजारी ठेवून चालत नाही.

दुसरी जागा पृष्ठताणाची. मशीनमध्ये घातलेला आकडा आणि बाटलीतलं द्रव जुळतं का ते पाहा. मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये नेहमीचे आकडे असे:

- पाणी: २५ अंशांना ७२
- आयसोप्रोपाइल अल्कोहोल, म्हणजे आपलं आयपीए: २० अंशांना सुमारे २१.७
- १० सेंटीस्टोकचं सिलिकॉन ऑइल: सुमारे २०
- गॅलविक, पोरफिल अशी फ्लोरिनेटेड द्रवं: १६ च्या आसपास

हल्ली ही चूक जास्त सापडेल, कारण फ्लोरिनेटेड द्रवं महाग आणि दुर्मीळ होत चालली आहेत. २०२५ च्या अखेरीपर्यंत असल्या रसायनांचं उत्पादन थांबवायचं थ्री-एमने डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केलं होतं. त्यामुळे लॅब सिलिकॉन ऑइलकडे वळतात, बाटली बदलते, पण सॉफ्टवेअरमधला १६ चा आकडा तसाच राहतो. मग प्रत्येक छिद्र २० टक्के लहान दिसतं. सगळ्या सॅम्पलवर सारख्याच प्रमाणात लहान दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

तापमानाचा परिणाम त्यामानाने थोडा. आयपीएचा पृष्ठताण अंशाला साधारण ०.०८ ने उतरतो. २० च्या जागी ३० अंश असतील तर फरक ४ टक्क्यांच्या आत. ३१ चे ३८ होण्याचं कारण तिथे सापडणार नाही.

बबल पॉइंटच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी कागदावरच कळतात: मशीन किती फ्लो आल्यावर 'पहिला बुडबुडा' समजतं, आणि सॅम्पलचं क्षेत्रफळ किती आहे. उंबरठा बदलला की बबल पॉइंट बदलतो. क्षेत्रफळ वाढलं की एखादं मोठं छिद्र त्यात सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून २५ मिमीच्या सॅम्पलपेक्षा ५० मिमीच्या सॅम्पलवर बबल पॉइंट मोठा येणं स्वाभाविक आहे. निडल-पंच फेल्टमध्ये सगळ्यात मोठं छिद्र बहुधा सुईच्या मार्गावर असतं. तो मार्ग सॅम्पल कापायच्या पंचच्या आत आला की बाहेर राहिला, यावर आकडा ठरतो. हा विखुरलेपणा खरा आहे, तो कितीही काळजी घेतली तरी जात नाही. म्हणून फेल्टच्या स्पेसिफिकेशनमध्ये बबल पॉइंटला एकट्याला घालणं आम्हाला पटत नाही. मीन फ्लो पोअर आणि हवेची पारगम्यता ही जोडी जास्त भरवशाची.

मग थेंब: द्रव खरंच भिजवतंय का

वरच्या सूत्रात स्पर्शकोन शून्य धरला आहे. तो शून्य आहे की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. कोरड्या फेल्टवर ड्रॉपरने द्रवाचा एक थेंब ठेवा. तो लगेच आत जिरून पसरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला, किंवा बाजूंना न पसरता सावकाश बसत गेला, तर त्या द्रवाने त्या फेल्टवर घेतलेलं रीडिंग टाकून द्या.

पाणी स्वस्त म्हणून वापरायचा मोह होतो. पॉलिप्रोपिलीनवर ते भिजवतच नाही, पॉलिस्टरवर अर्धवट भिजवतं, आणि धाग्यावरचं स्पिन फिनिश (तंतू बनवताना लावलेला तेलकट लेप) पाण्यात उतरलं की त्याचा पृष्ठताण ७२ वरून किती खाली आला याचा हिशेब लागत नाही. खरा अडथळा मात्र तेल-पाणी-रोधक फिनिशच्या फेल्टचा. फ्लोरोकार्बन फिनिश चांगलं बसलं असेल, तर आयपीए आणि सिलिकॉन ऑइल दोन्ही त्यावर मणी धरू शकतात. तेलरोधकता मोजणाऱ्या एएटीसीसी ११८ च्या चाचणीत ८ नंबरचं द्रव हेप्टेन असतं आणि त्याचा पृष्ठताण २० च्या आसपासच आहे. ज्या फेल्टला ८ ग्रेड मिळते, म्हणजे हेप्टेनही भिजवत नाही, त्याला २० वालं सिलिकॉन ऑइल भिजवणार नाही हे उघड आहे. तिथे १६ वालंच द्रव लागतं; नाहीतर फिनिशच्या आधीचं फेल्ट मोजा आणि रिपोर्टात तसं लिहा.

भिजवणारं द्रव असूनही आत हवा अडकते. फेल्ट द्रवावर आडवं टाकलं की चारी बाजूंनी एकदम ओलं होतं आणि मधली हवा कोंडते. सॅम्पल चिमट्याने उभं धरून एका कडेने हळूहळू बुडवा, म्हणजे हवा वरच्या कडेने निघून जाते. त्यानंतर निर्वात डेसिकेटरमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. आयपीए असेल तर निर्वात फार ओढू नका. २० अंशांना त्याचा बाष्पदाब सव्वाचार किलोपास्कलच्या आसपास असतो, त्याखाली गेलात की ते उकळतं आणि बुडबुडे कधीच थांबत नाहीत. बोटांनी दाबून हवा काढायची सवय असेल तर ती मोडा, जाडी जाते.

आयपीएचा आणखी एक दोष म्हणजे ते उडतं. वेट रन (भिजलेल्या सॅम्पलवरची मोजणी; कोरड्यावरची ती ड्राय रन) लांबला की शेवटची लहान छिद्रं दाबाने न उघडता वाळून उघडतात. ओला आणि कोरडा वक्र (या दोन रनचे दाब-फ्लोचे आलेख) अपेक्षेपेक्षा फार आधी मिळतात, आणि किमान छिद्र खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. शिवाय पावसाळ्यात उघड्या बीकरमधलं आयपीए हवेतलं पाणी ओढतं. बीकर झाकून ठेवा, उरलेलं पुन्हा बाटलीत ओतू नका.

मग प्लास्टिकचा तुकडा: कडेने गळती

फेल्ट आडवंही सच्छिद्र असतं, आणि पातळ मेम्ब्रेनसाठी बनवलेल्या होल्डरमध्ये हे विसरलं जातं. हवा ओ-रिंगच्या खालून फेल्टमध्ये आडवी शिरते आणि कापलेल्या कडेतून बाहेर निघते.

तपासणी पाच मिनिटांची. जाड पॉलिथीनची एक चकती सॅम्पलच्याच मापाची कापा. होल्डरमध्ये हवा बाहेर पडण्याच्या बाजूला ती ठेवा, वर कोरडं फेल्ट, आणि रोजच्याइतकंच आवळा. आता ड्राय रन चालवा. खालचा मार्ग बंद आहे, म्हणजे फ्लोमीटरवर जे काही दिसेल ते सगळं कडेचं. नेहमीच्या ड्राय फ्लोच्या १ टक्क्याच्या आत असेल तर सोडून द्या. ५ टक्के असेल तर आजवरचे रिपोर्ट पुन्हा काढून बघावे लागतील.

उपाय म्हणजे सॅम्पल मोठं कापून कडेची ४-५ मिमीची पट्टी हॉट-मेल्ट ग्लूने आरपार बंद करणं. ग्लू नुसता वर लावून उपयोग नाही, गरम असताना दोन टेफ्लॉन शीटच्या मध्ये दाबून आत उतरवावा लागतो. ओ-रिंगच्या जागी धारदार कडेचा क्लॅम्प मिळत असेल तर आणखी चांगलं. सिंज न केलेल्या (ज्योतीने वरचे तंतू न जाळलेल्या) बाजूचे उभे तंतू ओ-रिंगखाली बारीक वाटा ठेवतात आणि खोटा, मोठा बबल पॉइंट देतात. अशा सॅम्पलवर सुरुवातीलाच थोडा फ्लो दिसतो. वाट बुजवायला सिलिकॉन ग्रीस लावायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: सिलिकॉन ऑइलच्या टेस्टमध्ये ते विरघळतं आणि आत ओढलं जातं.

क्लॅम्प किती आवळायचा हेही ठरवून ठेवा. एक ऑपरेटर जोर लावतो, दुसरा हलक्या हाताने बंद करतो, आणि १.८ मिमीचं फेल्ट दोघांच्या हातात वेगळं दबतं. ठरावीक जाडीची स्पेसर रिंग टाकली की हा वाद संपतो.

आता मशीन: ते फेल्टसाठी आहे का

इथे हिशेब करूनच पुढे जावं. १६ पृष्ठताणाच्या द्रवाने १०० मायक्रॉनचं छिद्र ६४० पास्कलला उघडतं. तुमच्या पोरोमीटरवर ७ बारचा एकच प्रेशर सेन्सर असेल आणि त्याची अचूकता पूर्ण स्केलच्या ०.१ टक्का असेल, तर चूकच ७०० पास्कलची. म्हणजे तुमचा बबल पॉइंट सेन्सरच्या चुकीत बुडालेला आहे. ८० आला काय आणि १३० आला काय, दोन्हीला अर्थ नाही. फेल्टसाठी ५० मिलिबारच्या आसपासचा वेगळा लो-प्रेशर सेन्सर हवा, आणि रोज सकाळी तो शून्यावर आणायला हवा. सेन्सर बदलणं शक्य नसेल तर जास्त पृष्ठताणाचं पण फेल्टला पूर्ण भिजवणारं द्रव घ्या, म्हणजे तेच छिद्र थोड्या जास्त दाबाला उघडेल.

इतक्या कमी दाबाला द्रवाचं स्वतःचं वजनही मोजणीत येतं. फ्लोरिनेटेड द्रवाची घनता १.८ च्या आसपास. त्याचा १ मिमीचा थर १८ पास्कल दाब देतो. सॅम्पलवर ३ मिमी द्रव साचलेलं असेल तर ५० पास्कलहून जास्त, म्हणजे ६४० वर ८ टक्के. हवा खालून येत असेल तर छिद्र लहान दिसतं, वरून येत असेल तर मोठं. भिजवल्यावर सॅम्पल काचेच्या कडेला टेकवून वरचं जास्तीचं द्रव ओघळू द्या, आणि दर वेळी सारखाच वेळ द्या.

दुसऱ्या टोकाला फ्लोमीटरची मर्यादा असते. २५ मिमी व्यासाच्या सॅम्पलचं क्षेत्रफळ ०.०४९ चौरस डेसिमीटर. आपल्या फेल्टमधून २०० पास्कलला मिनिटाला सुमारे ७.४ लिटर हवा जाते. १० मायक्रॉनचं छिद्र बघायला ६४०० पास्कल लागतात. फ्लो दाबाच्या प्रमाणात वाढतो असं धरलं तर तिथे मिनिटाला सुमारे २३५ लिटर. २०० लिटरचा फ्लोमीटर त्याआधीच भरतो, वक्र वर जाऊन सपाट होतो आणि सॉफ्टवेअर निमूटपणे त्या सपाट वक्रावरून मीन फ्लो पोअर काढून देतं. १० मिमीची चकती घेतली तर तोच फ्लो ३८ लिटरच्या आसपास येतो. मात्र चकती लहान झाली की कडेच्या गळतीचा वाटा वाढतो, म्हणून ग्लूची पट्टी तेव्हा ऐच्छिक राहत नाही.

इतक्या फ्लोला होल्डर आणि पाइपिंगही स्वतःचा अडथळा करतात. होल्डर रिकामा ठेवून एकदा ड्राय रन घ्या आणि तो वक्र जपून ठेवा. ज्या फ्लोला रिकाम्या होल्डरचा दाब सॅम्पलच्या दाबाच्या ५ टक्क्यांपुढे जातो, तिथपासूनचा डेटा दुरुस्त केल्याशिवाय वापरू नका.

दाब वाढवायचा वेग सगळ्यात शेवटी तपासा, पण विसरू नका. घाईने दाब चढवला की द्रवाला निघायला वेळ मिळत नाही, छिद्र उघडेपर्यंत दाब पुढे गेलेला असतो, आणि आकडा लहान येतो. सिलिकॉन ऑइल आयपीएपेक्षा बरंच दाट असल्यामुळे आयपीएसाठी ठरवलेला वेग त्याला चालत नाही. वेग निम्मा करून तोच रन पुन्हा घ्या. मीन फ्लो पोअर बदललं तर आणखी निम्मा करा. बदलायचं थांबलं की तो तुमचा वेग.

वक्राकडे नुसतं पाहूनही बरंच कळतं. ओला वक्र शेवटपर्यंत कोरड्याला मिळत नाही, खालीच राहतो: दाब अपुरा, किंवा तंतूंच्या सांध्यात द्रव उरलेलं. ओला वक्र कोरड्याच्या वर जातो: सॅम्पल फ्लोने फुगलं, तंतू सरकले किंवा मध्ये क्लॅम्प सैल झाला. अशा वेळी खाली जाड, मोकळी जाळी आधाराला द्या आणि रिकाम्या होल्डरचा रन त्या जाळीसकट पुन्हा घ्या. कोरडा वक्र दर रनला थोडा खाली सरकतो: कॉम्प्रेसरच्या हवेत तेल किंवा पाणी येतंय, फिल्टर बघा.

रोजची खात्री म्हणून मोनोफिलामेंटच्या विणलेल्या जाळीचा एक तुकडा जवळ ठेवा. फेल्टसारखी ती दबत नाही, स्थानागणिक फारशी बदलत नाही. तिच्या लेबलवरचा आकडाच यावा अशी अपेक्षा धरू नका, चौकोनी छिद्राला गोल व्यासाचं सूत्र नेमकं लागू होत नाही. तिचा आकडा रोज तोच यायला हवा, एवढंच पाहायचं.

सच्छिद्रतेचा आकडा का हलतो

इथे सूत्र सोपं आहे, गडबड जाडीत होते.

सच्छिद्रता = १ − जीएसएम ÷ (१००० × तंतूची घनता, ग्रॅम प्रति घनसेंमी × मिमीमधली जाडी)

आपलं फेल्ट: ५०० ÷ (१००० × १.३८ × १.८) = ०.२०, म्हणजे ८० टक्के. हलक्या दाबाच्या गेजने जाडी २.० आली तर ८२ टक्के. फरक किरकोळ वाटतो, पण घन भाग २० वरून १८ वर आला, म्हणजे दहावा हिस्सा गेला. जाडी कोणत्या दाबाखाली घेतली ते लिहिल्याशिवाय सच्छिद्रतेला काही किंमत नाही: नेहमीच्या नॉनवोव्हनला आयएसओ ९०७३-२ मध्ये ०.५ किलोपास्कल आहे, जिओटेक्स्टाइलला (मातीकामात वापरायच्या कापडाला) सहसा २ किलोपास्कल.

मिश्र तंतूंची घनता सरळ सरासरीने काढू नका. ६० टक्के पॉलिस्टर, ४० टक्के पॉलिप्रोपिलीन: सरासरी १.१९ येते, पण वजनाचे वाटे आपापल्या घनतेने भागून बेरीज केली, ०.६ ÷ १.३८ + ०.४ ÷ ०.९१, आणि तिचा व्यस्त घेतला, की खरी घनता १.१४. स्क्रिम (फेल्टच्या आतलं आधाराचं विणलेलं कापड) वेगळ्या तंतूचं असेल तर तेही याच हिशेबात धरा. फोम कोटिंग किंवा पीटीएफई मेम्ब्रेन असेल तर एवढ्यावर भागत नाही, हेलियम पिक्नोमीटर (वायूने घन भागाचं आकारमान मोजणारं यंत्र) लागतो.

छिद्रांत पारा दाबून भरणाऱ्या मर्क्युरी पोरोसिमीटरने पोअर साइज आणि सच्छिद्रता ही दोन्ही कामं एकदम होतील असं वाटतं. मऊ फेल्टवर होत नाहीत. १०० मायक्रॉनच्या छिद्रात पारा शिरायला सुमारे १५ किलोपास्कल लागतात. तोवर फेल्ट दबून गेलेलं असतं आणि तुम्ही दबलेल्या फेल्टचं मोजमाप घेता.

जिओटेक्स्टाइलचा रिपोर्ट जुळत नसेल तर

तिथे बहुधा दोन वेगळ्या चाचण्या शेजारी ठेवलेल्या असतात. एएसटीएम डी४७५१ च्या कोरड्या चाळणीत ओ-९५ (ज्याहून ९५ टक्के छिद्रं लहान असतात तो आकार) मिळतं, आयएसओ १२९५६ च्या ओल्या चाळणीत ओ-९०, आणि डी६७६७ मध्ये पोरोमीटरने दाबावरून काढलेला आकार. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा सर्वत्र चालणारा गुणक नाही. टेंडरमध्ये जे मागितलं असेल तीच चाचणी करा.

कोरड्या चाळणीत आकडा खऱ्यापेक्षा लहान येत असेल तर पहिला संशय स्थिर विजेवर घ्या. ५० ग्रॅम काचेचे मणी टाकून १० मिनिटं हलवलं की मणी आणि पॉलिप्रोपिलीन एकमेकांवर घासून विद्युतभारित होतात, बारीक मणी कापडालाच चिकटतात आणि खाली पडत नाहीत. उन्हाळ्यात विदर्भासारख्या कोरड्या हवेत हे जास्त होतं. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर ठेवा, अँटिस्टॅटिक स्प्रे मारा, आणि टाकलेल्या मण्यांचं वजन, खाली पडलेल्यांचं आणि कापडावर राहिलेल्यांचं अशी तीन वजनं घ्या. पडलेले आणि राहिलेले मिळून ५० ग्रॅम भरत नसतील, तर उरलेले मणी कापडाच्या आत अडकले आहेत. तो तुकडा झटकून पुढच्या मापाच्या मण्यांना तसाच वापरू नका, नवा घ्या.